बेचाळीस गोळे

"बोट बुडाली, सर," मी म्हणालो.

"दिसतंय मला," कमांडर रणदिवे म्हणाले. "का बुडाली ते सांगा."

"समोरच्या बोटीचे गोळे लागले."

"आणि माझे?"

मी स्क्रीनवरचा रकाना वाचून दाखवला. "तुम्ही एकशे दहा मारले. चार लागले."

कमांडरसाहेबांनी माउस लांब सरकवला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. स्क्रीनवर त्यांच्या बोटीचं फक्त पुढचं टोक पाण्याबाहेर राहिलं होतं, तेही हळूहळू गेलं.

"मिस्टर शिरधनकर," ते म्हणाले, "हा गेम अवास्तव आहे."

मागच्या खुर्चीवरून इब्राहिम मुकादम म्हणाले, "साहेब, बुडाली ती तर अगदी खऱ्यासारखी बुडाली."

"मुकादम, तू इंजिनरूमचा माणूस. तुला यातलं काय कळतं?"

"खरंय. तीस वर्षं नौदलात काढली. समुद्र बघायला मी सुट्टीत घरी यायचो."

ही दोन हजार चार सालची गोष्ट. काळवली बंदरात माझा कॉम्प्युटर क्लास होता. टायपिंग, टॅली, लग्नपत्रिका, आणि कुणाला पुस्तक छापायचं असेल तर त्याची जुळणी. काळवलीत दर दुसऱ्या घरात एक नौदलातला पेन्शनर. आमच्याकडे पोरगा बारावीला आपटला तर बाप ओरडत नाही, दाराच्या चौकटीला उभा करून उंची मोजतो. अकरा ते एक क्लास रिकामा असायचा. तेव्हा ही सगळी माजी नौसैनिक संघाची मंडळी माझ्याकडे येऊन बसायची.

माझी त्यांच्यात थोडी ख्याती होती. आदल्या वर्षी संघाच्या वार्षिक सभेची नोटीस मी टाइप केली, तेव्हा 'चहा-बिस्किटे' होतं तिथे 'मटण-भाकरी' घातलं होतं. संघाच्या इतिहासात पहिल्यांदा कोरम भरला. चहा-बिस्किटं बघून जे काय झालं ते झालं, पण ठराव सगळे पास झाले होते. तेव्हापासून मला कुणी काही टाइप करायला दिलं तर शेजारी उभं राहून वाचायचं.

तर तो गेम. कमांडरसाहेबांच्या मुलाने बंगळुरूहून सीडी पाठवली होती. बोटी, तोफा, धूर, सगळं होतं. आणि त्याच्या बरोबर जाडजूड पुस्तक. त्यात लिहिलेलं की जुन्या लढायांच्या नोंदी काढून, कुठल्या अंतरावरून शंभरातले किती गोळे लागतात याचा हिशेब बसवला आहे. साहेब ज्या अंतरावरून मारत होते तिथे आकडा होता चार. शंभरात चार.

"हे कुणी ठरवलं?" साहेबांनी विचारलं.

"ज्यांनी गेम बनवला त्यांनी."

"ते समुद्रावर गेले होते का कधी?"

"ते माहीत नाही. पण आकडा बदलता येतो, सर. साधी फाइल आहे."

हे मी बोलायला नको होतं, किंवा बरं झालं बोललो, अजून ठरत नाही. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "चाळीस करा."

मी चाळीस केलं. साहेबांची बोट सात मिनिटांत बुडाली.

"आता काय झालं?"

"आकडा एकच आहे, सर. दोघांनाही लागतो. समोरच्यांचे पण चाळीस झाले."

"मग हे जास्तच अवास्तव झालं. शत्रू इतका चांगला कधीच नव्हता."

मी दोन फायली केल्या, एक आपली, एक शत्रूची. आपल्याला चाळीस, शत्रूला चार. साहेबांनी तिसऱ्या फैरीला शत्रूची बोट फोडली. ते मागे टेकून बसले. "आता कसं खरं वाटतं," ते म्हणाले.

"मला दोन मिनिटं खाली इंजिनरूममध्ये असल्यासारखं वाटलं," मुकादम म्हणाले. "तिथे पण वरून असंच कळवायचे. आपण जिंकतोय म्हणून."

साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. "मिस्टर शिरधनकर, चार डिसेंबरला माझ्या पुस्तकाचं प्रकाशन आहे. मला तिथे पडद्यावर एक प्रात्यक्षिक हवंय. एक बोट, एक टार्गेट, बेचाळीस गोळे. त्या दिवशी काय व्हायला हवं होतं ते लोकांना दिसू दे."

मुकादमांनी माझ्याकडे बघितलं. मी कीबोर्डकडे. कारण पुस्तक मीच टाइप केलं होतं, आणि पान त्र्याहत्तर मला पाठ होतं.

पुस्तकाचं नाव 'माझा समुद्र, माझी शिस्त'. पान त्र्याहत्तरवर साहेब लेफ्टनंट असतानाची गोष्ट आहे. बोटीवर ते गनरी ऑफिसर, म्हणजे तोफांचे प्रमुख. ताफ्यातल्या सगळ्या बोटींची दरवर्षी नेमबाजीची स्पर्धा व्हायची. एक टगबोट लांब दोरीने लाकडी टार्गेट ओढत न्यायची, त्यावर जाळी ताणलेली. बोटीने मारायचं, मग जाळीची भोकं मोजायची. जिंकणाऱ्या बोटीला चांदीचा कप. त्या वर्षी कप साहेबांच्या बोटीचाच, असं सगळे धरून चालले होते. बेचाळीस गोळे मारले. जाळीला भोक एकही नाही.

आणि पुस्तकातलं वाक्य असं: 'तो कप आम्ही हरलो तो केवळ एका गनलेअरच्या नालायकपणामुळे. त्या इसमाचे नाव लिहून मी या पानाला कमीपणा आणू इच्छित नाही.'

गनलेअर म्हणजे वरून ऑफिसर देईल त्या अंतराप्रमाणे तोफेचं तोंड वर-खाली करून नेम धरणारा. नाव लिहायची गरजच नव्हती. तो इसम म्हणजे दामोदर नागवेकर, आमच्या बंदराच्या वरच्या आळीत राहणारा. त्यानंतर वीस वर्षं त्याने नोकरी केली, चीफ पेटी ऑफिसर होऊन परत आला, पण गावात एसटीतून उतरला तो 'बेचाळीस' म्हणून. मुकादम त्याच बोटीवर होते, बातमी नागवेकरच्या आधीच गावात पोचली होती. मासळी बाजारात बायका हाक मारायच्या, "अहो बेचाळीस, बांगडे ताजे आहेत." पोस्टमन लिफाफ्यावरचं नाव न वाचता बेचाळीसांच्या घरी टाकायचा. देवळाच्या सभेत वर्गणी कमी पडली की कुणीतरी म्हणायचं, "नेम चुकला वाटतं." मी स्वतः किती वेळा म्हटलं असेल, विचारू नका.

हा चीफ नागवेकर दुसऱ्या दिवशी आला. अकराच्या आधी, संघाचं कुणी नसताना. चपला बाहेर काढल्या, जागेवर जुळवून ठेवल्या, आणि आत येऊन उभाच राहिला.

"बसा की, चीफ."

"मन्या, मुकादम म्हणाला, तुझ्याकडे तोफांचा गेम आहे."

"आहे."

"त्यात किती लागतात?"

"कोण मारतंय त्यावर. साहेब मारत असतील तर चाळीस."

तो हसला नाही. "मूळचं किती होतं? गेम बनवणाऱ्यांनी किती ठेवलं होतं?"

"शंभरात चार."

"पुन्हा सांग."

"चार."

चीफ खाली बसला. त्याने तळहात दोन्ही गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या बंद स्क्रीनकडे बघत राहिला. "बेचाळीसात दीड-पावणेदोन होतात मग," तो म्हणाला. "एखाद्या दिवशी तीन. एखाद्या दिवशी एकही नाही."

"पाच-सहा वेळा मारलं तर एकदा एकही नाही. काढलंय मी गणित."

"लिहून देशील?"

"काय?"

"हेच. तुझ्या क्लासच्या कागदावर. शिक्का मारून."

मी हसलो. मला वाटलं गंमत करतोय. तो वाट बघत बसला. मग मी लिहिलं, शिक्का मारला. त्याने कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो शर्टच्या आतल्या खिशात ठेवला.

"चीफ, हे कुणाला दाखवणार?"

"साहेबांना. काल गेलो होतो मी त्यांच्याकडे. म्हटलं, तेवढं वाक्य काढा. म्हणाले, इतिहास आहे तो, इतिहासात खाडाखोड करता येत नाही." तो उठला. "मन्या, लोक बोलतात त्याचं काही नाही. बोललेलं मी मेल्यावर वर्षभरात संपेल. ते छापलेलं. प्रत्येक घरात एक प्रत जाणार आहे. माझ्या नातवंडांची पोरं वाचतील ते."

"मग मी काय करू?"

"काही नको. त्या दिवशी पडद्यावर जे दाखवणार आहेस, ते मूळच्या आकड्याने दाखव. चार. लोकांना कळू दे की गोळा लागणं म्हणजे काय असतं. एवढंच."

"साहेबांनी साठ सांगितलंय."

"साठ?"

"म्हणाले, शंभर ठेवलं तर लोकांना शंका येईल."

चीफ दारापर्यंत गेला, चपलांमध्ये पाय घातले. "मूळचा ठेव," तो म्हणाला. "ना कमी, ना जास्त."

आता खरं सांगतो. माझ्यासारख्या माणसाला असं काही सांगू नये. मूळचा आकडा ठेवला असता तर साहेबांचे एक-दोन गोळे लागले असते, टाळ्या वाजल्या असत्या, पान त्र्याहत्तर तिथेच राहिलं असतं. मी म्हटलं, जरा बरं करू. तीन तारखेला संध्याकाळी मी फाइल उघडली. साठातला सहा खोडला आणि शून्य तेवढं ठेवलं.

चार डिसेंबर, नौदल दिन. संघाच्या हॉलमध्ये सकाळी दहाला शंभरभर माणूस. स्टेजवर पुस्तकांचा गठ्ठा, लाल फीत बांधलेला. प्रोजेक्टर हायस्कूलमधून आणलेला. प्रमुख पाहुण्या तहसीलदार कांबळी मॅडम, नुकत्याच बदलून आलेल्या. साहेब पांढऱ्या शर्टात, छातीवर बारक्या रिबिनी लावून. चीफ शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसला होता. आदल्या दिवशी तो कागद घेऊन साहेबांकडे गेला होता म्हणे. साहेबांनी कागद बघून फक्त विचारलं, "हा शिक्का कुणाचा?"

साहेब माइकवर बोलले. पान त्र्याहत्तर त्यांनी स्वतः वाचून दाखवलं. 'नालायकपणामुळे' ला थोडं थांबले. हॉलमधली अर्धी डोकी मागे वळली. चीफ समोर बघत राहिला.

"आणि आता," साहेब म्हणाले, "विज्ञानाच्या मदतीने आपण पाहू, की त्याच बोटीने, त्याच अंतरावरून, योग्य हाताखाली काय केलं असतं. मिस्टर शिरधनकर."

पडदा उजळला. निळं पाणी, आमची बोट, लांबवर एक मालवाहू बोट, जिच्या सगळ्या तोफा मी काढून टाकल्या होत्या. साहेबांनी माउस हातात घेतला.

पहिला गोळा. पाण्याचा फवारा. दुसरा. फवारा. दहाव्या गोळ्यापर्यंत हॉल उत्सुक होता. विसाव्यापर्यंत शांत. पंचविसाव्याला कुणीतरी खोकलं, आणि ते खोकणं खोकणं नव्हतं. तिसाव्याला साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"साहेब," मुकादम दुसऱ्या रांगेतून म्हणाले, "अंतर कोण देतंय?"

"गप्प बैस, मुकादम."

"नाही, विचारलं. त्या दिवशी पण वरून अंतर कुणीतरी देतच होतं ना."

बेचाळीसावा गोळा गेला. फवारा. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: मारलेले ४२, लागलेले ०. ते मराठीत मीच करून ठेवलं होतं.

हॉलमध्ये हशा फुटला. बायका पदर तोंडाला लावून, म्हातारे खुर्चीचे हात धरून. मी आयुष्यात बऱ्याच खोड्या केल्या, पण एवढी पिकलेली ही एकच. साहेबांचा चेहरा रिबिनींपेक्षा लाल झाला होता. कुणीतरी मागून ओरडलं, "साहेब पण बेचाळीस."

आणि तेवढ्यात चीफ उठला.

मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार, जन्मभराचं. तो दोन खुर्च्यांच्या मधून वाट काढत पुढे आला आणि साहेबांकडे न बघता माझ्याकडे आला.

"मन्या, आकडा बघू."

"कसला?"

"फाइलमधला. दाखव पडद्यावर."

"अहो चीफ, कशाला? झालं ना."

"पाणी असं उडत नाही," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण हॉल गप्प झाला. "काही गोळे टार्गेटच्या अलीकडे पडतात, काही पलीकडे. नेम बरोबर असला तरी. हे बेचाळीसच्या बेचाळीस टार्गेटच्या जवळपासही पडले नाहीत. असं मी कधी बघितलं नाही. काय केलंयस तू?"

मी फाइल उघडली. पडद्यावर आपल्या बोटीच्या रकान्यात शून्य. शंभर माणसांनी ते वाचलं.

साहेब हळूहळू म्हणाले, "मी साठ सांगितलं होतं."

तेही शंभर माणसांनी ऐकलं. माइक चालू होता.

"चार कर," चीफ मला म्हणाला. "सगळ्यांसमोर. आणि सर, आता मारा."

"नागवेकर, तुला कळतंय का तू काय करतोयस?" साहेबांनी विचारलं. "आत्ता हे लोक तुझ्या बाजूने हसत होते."

"ते खोट्यावर हसत होते, सर."

साहेबांनी माउस घेतला. माणूस म्हणून मला त्यांचं इथे कौतुक वाटतं. ते उठून जाऊ शकले असते. त्यांनी परत बेचाळीस मारले. आता फवारे अलीकडे-पलीकडे उडत होते, एक तर इतका जवळ की पहिल्या रांगेने श्वास रोखला. एकोणचाळीसावा लागला. बोटीवर बारका भडका.

"लागला," साहेब म्हणाले. "बघा. लागतो. लागू शकतो."

"एक," चीफ म्हणाला.

"त्या दिवशी एकही नव्हता."

"परत मारा, सर."

साहेबांनी परत मारले. बेचाळीस. यावेळी कुणी हसलं नाही, खोकलंही नाही. पडद्यावर आलं: लागलेले ०. फाइल तिथेच बाजूला उघडी होती, चार आकडा दिसत होता.

साहेबांनी माउस खाली ठेवला.

त्यानंतर जे झालं ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. गजा कीर उठला, पाणबुड्यांविरुद्धच्या बोटीवर होता तो, म्हणाला मला बघू दे. त्याने मारले, दोन लागले. मग दुसरा, मग तिसरा. शाळेचा फळा होता हॉलमध्ये, त्यावर कुणीतरी आकडे लिहायला घेतले. एक, शून्य, दोन, तीन, एक, एक. मुकादमांनी आयुष्यात पहिल्यांदा तोफ हाताळली आणि एक लागल्यावर त्यांनी उभं राहून सलाम ठोकला. तहसीलदार मॅडमनी फीत कापायची बाकी ठेवून माउस मागून घेतला आणि चार लावले. सगळ्यात जास्त त्यांचेच. "तुम्ही लोक घाई करता," त्या म्हणाल्या, पण त्यांचंही यात काहीच कर्तृत्व नव्हतं.

आणि मग म्हातारे बोलायला लागले. गजा म्हणाला, "आमच्या बोटीने एकदा गोळ्याने टार्गेटची दोरीच तोडली. टार्गेट गेलं वाहत. दीड दिवस शोधलं. रिपोर्टात काय लिहिलं माहितीये? टार्गेट नष्ट."

"आम्ही साठ मारले होते," दुसरा एक म्हणाला. "भोकं सात. त्यातली पाच उंदरांची होती, जाळी गोदामात पडून होती."

तीस वर्षं ज्यांच्या तोंडून फक्त लागलेले गोळे ऐकले, त्यांनी तासाभरात सगळे चुकलेले गोळे काढले. घरच्या बायका बघत राहिल्या. गजाची बायको शेजारणीला म्हणाली, "मला हे लग्नाआधी सांगितलं असतं तर."

फळ्यावर सोळा आकडे झाले. त्यात तीन शून्यं. साहेब स्टेजवर एकटे बसून फळा वाचत होते. मग त्यांनी गठ्ठ्यातलं एक पुस्तक उचललं, पान त्र्याहत्तर काढलं, आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "छपाईत काही त्रुटी राहिल्याचं निदर्शनास आलं आहे. पुस्तकाचं वाटप उद्यापासून होईल." तीनशे प्रती आल्या तशाच टेम्पोतून माझ्या क्लासवर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला साहेब हजर. मी वाटच बघत होतो, शिव्या खायच्या तयारीने. त्यांनी माझ्याकडे बघून इतकंच म्हटलं, "तुमचं नंतर बघू." मग चीफ आला. हातात डिंकाची बाटली आणि ब्रश, जणू कुणी हुकूम दिल्यासारखा.

"घ्या लिहून," साहेब मला म्हणाले. "शुद्धिपत्र. पान त्र्याहत्तर, ओळ अकरा. 'केवळ एका गनलेअरच्या नालायकपणामुळे' याऐवजी 'सागरी तोफखान्याच्या स्वाभाविक सरासरीमुळे' असे वाचावे."

मी टाइप केलं. साहेबांनी स्क्रीन चीफकडे वळवली. माफी वगैरे शब्द त्यांच्या कीबोर्डवर नव्हते, पण स्क्रीन त्यांनी स्वतःच्या हाताने वळवली.

चीफने दोनदा वाचलं. "सर, हे पूर्ण खरं नाही."

"आता काय राहिलं?"

"पहिले दोन माझे होते."

"म्हणजे?"

"नेमाच्या दुर्बिणीवर आदल्या सरावाचा आकडा तसाच होता. शून्यावर आणून मग सुरू करायचं असतं. मी विसरलो. दोन गोळे गेल्यावर लक्षात आलं, गुपचूप फिरवला. ते दोन सरासरीचे नाहीत. माझे आहेत."

मी कीबोर्डवरून हात उचलले.

"एकतीस वर्षं," साहेब म्हणाले. "एकतीस वर्षं तू हे बोलला नाहीस."

"तुम्ही बेचाळीसांचं म्हणत होतात, सर. बेचाळीस माझे नव्हते. दोनाचं विचारलं असतंत तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

बाहेर कुणीतरी क्लासची चौकशी करायला आलं, मी हातानेच नंतर या म्हटलं. साहेबांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"नागवेकर, अंतर मी देत होतो."

"हो, सर."

"मला नंतर वाटलं होतं, दोनशे यार्ड जास्त देत होतो. बहुतेक."

"बहुतेक नाही, सर."

"तुला कळलं होतं?"

"जवळजवळ अर्ध्यापर्यंत अलीकडे एकही पडत नव्हता. सगळे पलीकडे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लीडिंग सीमनने लेफ्टनंटला?"

साहेब थोडं हसले की काय, मला नक्की सांगता येत नाही. चष्मा परत लावला. "मिस्टर शिरधनकर, ते खोडा. नवीन घ्या. सदर बेचाळीस गोळ्यांपैकी दोन गोळे गनलेअरच्या चुकीने, अठरा गोळे गनरी ऑफिसरच्या चुकीने, आणि उर्वरित बावीस समुद्रामुळे वाया गेले, असे वाचावे. खाली माझी सही येऊ दे. तीनशे प्रती."

मी टाइप केलं आणि प्रिंटर चालू करायला वाकलो.

"थांब, मन्या," चीफ म्हणाला. तो डिंकाचं झाकण उघडून बसला होता, बोटांवर काहीतरी मोजत होता. "सतरा करा, सर. तुमच्यातला अठरावा जायच्या आधीच तुम्ही अंतर सुधारलं होतं."

साहेबांनी क्षणभर आठवून बघितलं.

"सतरा करा," ते मला म्हणाले. "आणि समुद्राला एक वाढवा."